वारा पडला की कान्होजींचं गलबत निघायचं

सर्फिंगचं कुठलंही अ‍ॅप उघडा. वाऱ्याची दिशा, दोन लाटांमधले सेकंद आणि भरती-ओहोटीच्या वेळा आधी दिसतात. पाण्याखाली पंख असलेल्या फॉइल बोर्डवर उभे राहणारेही हेच बघून घराबाहेर पडतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर मात्र एका माणसाने हाच हिशेब ३०० वर्षांपूर्वी मांडला होता, तोही जिवावर उदार होऊन. सरखेल कान्होजी आंग्रे.

जन्म १६६९चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत. कान्होजी सुवर्णदुर्गावर वाढले आणि १६९८च्या सुमारास मराठी आरमाराचे प्रमुख झाले. शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत संपतात, आणि त्या ओळींत वारा नसतो. खरी गंमत तिथेच आहे.

हिवाळ्यात पहाटे एकदा डहाणूच्या किंवा तलासरीकडच्या झाईच्या किनाऱ्यावर जा. रात्री जमीन लवकर गार होते, त्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. सर्फर लोकांचा लाडका, कारण तो येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो आणि तिची भिंत गुळगुळीत राहते. दुपारी जमीन तापली की उलटा, खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. या दोन पाळ्यांच्या मध्ये वारा चक्क पडतो. शिडं लोंबतात.

शिडं लोंबली की कंपनीचं मोठं जहाज म्हणजे नुसता लाकडी वाडा! त्याच्या तोफा बहुतेक दोन्ही बाजूंना, आणि वाऱ्याशिवाय त्याला वळता येत नाही. आंग्र्यांची गलबतं हलकी, उथळ बुडाची, ४०-५० वल्ह्यांची. ती तोफा लादलेल्या गुराबांना दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करत. पिछाडीला तोफा कमी. तिथून आधी डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, मग चारी बाजूंनी चढायचं. वारा जोराचा असला तर? सरळ खाडीत किंवा उथळ पाण्यात शिरायचं. मोठ्या जहाजाचं बूड तिथे टेकतं.

भरती-ओहोटीही त्यांच्या बाजूची. अलिबागचा कुलाबा किल्ला, त्यांचं मुख्य ठाणं, ओहोटीला चालत गाठता येतो आणि भरतीला बेट होतो. उधाण कधी, भांग कधी, हे कोळ्यांच्या घरात आजही पोराटोरांना ठाऊक असतं. ज्यांना ते ठाऊक होतं तीच माणसं आरमारात होती.

हे सगळं कशासाठी? समुद्रावर हुकूम कोणाचा, या भांडणासाठी. पोर्तुगीज आणि इंग्रज परवाने विकत, तर कान्होजींनी स्वतःचे दस्तक सुरू केले. दस्तक नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. पण कर घेणारा चाचा आणि कर घेणारं सरकार यांत फरक नेमका कुठे, हा प्रश्न इंग्रजांनाही विचारायला हवा. कान्होजी मवाळ मात्र नव्हते. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली, तेव्हा तीवरच्या एका कंपनी अधिकाऱ्याच्या विधवेला त्यांनी ३० हजार रुपये खंडणी घेऊनच सोडलं.

१७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं. मग कंपनी इरेला पेटली. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर, फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर, तोही फसला. आपलं डहाणू तेव्हा पोर्तुगीजांकडेच होतं आणि सुरत-मुंबईचा व्यापार याच किनाऱ्यासमोरून जायचा. ते मराठ्यांकडे आलं १७३९च्या सुमारास. कान्होजींना ते पाहता आलं नाही.

४ जुलै १७२९ला ते अलिबागेत गेले, ऐन पावसाळ्यात. जूनपासून नैर्ऋत्येकडून लांब पल्ल्याच्या लाटा येतात. दूर समुद्रात वाऱ्याने उठवलेल्या या लाटा, त्यामुळे इथला वारा पडला तरी त्या थांबत नाहीत. दोन लाटांमधले सेकंद जेवढे जास्त, तेवढा तडाखा मोठा. अशा दिवसांत शिडाच्या होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघायची, ही किनाऱ्याची जुनी रीत.

पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी झाली. धाकटे तुळाजी पेशव्यांशी बिनसवून बसले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून विजयदुर्गावर आली. समुद्र शांत होता, लढायला मोसम उत्तम. पण आंग्र्यांची जहाजं बंदरातच एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एकावर आग पडली आणि सगळं आरमार जागच्या जागी जळालं. एकही शीड उघडलं गेलं नाही.