विश्लेषण : प्रयोगशाळेतून माणसाच्या दंडापर्यंत… हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीतून उलगडणारे ‘ट्रान्सलेशनल’ संशोधन म्हणजे काय?

रोगाचा जंतू सापडला म्हणजे त्यावरचा उपायही हाती आला, असे होत नाही. शोध आणि रुग्ण यांच्यामध्ये लांबचा रस्ता असतो. त्या रस्त्यावरच्या संशोधनाला आज ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ म्हणतात. हा शब्द रूढ होण्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत हा रस्ता चालून दाखवला. शेवटच्या टप्प्यावर त्याची जबर किंमतही मोजली.

ट्रान्सलेशनल संशोधन म्हणजे काय?

प्रयोगशाळेतील शोधाचे रुग्णाच्या उपयोगी पडेल अशा औषधात, लशीत किंवा तपासणीत रूपांतर करणे, ही त्याची सोपी व्याख्या. त्याचे ढोबळ टप्पे असे : मूलभूत शोध, माणसावरचा पहिला छोटा प्रयोग, तुलना करून परिणाम सिद्ध करणे, रोजच्या वापरात आणणे आणि समाजात नेमका काय फरक पडला ते मोजणे. हा रस्ता दुहेरी आहे. रुग्णांमध्ये काही वेगळे आढळले, तर प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेकडे जातो. बरेच शोध मधल्या टप्प्यांवरच अडकतात.

हाफकिन कोण होते?

जन्म १५ मार्च १८६० रोजी, ओडेसा शहरातील ज्यू कुटुंबात. तेथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. झारशाहीविरोधी चळवळीमुळे त्यांना अटक झाली. धर्म बदलायला नकार दिल्याने प्राध्यापकपदाची वाटही बंद झाली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना सुरुवातीला काम मिळाले ते ग्रंथालयात.

तेथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे वैद्यकीय वर्तुळात त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाई. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि गावोगावी फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली.

मुंबई-पुण्यात काय परिस्थिती होती?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता. म्हणजे शत्रू माहीत होता, हत्यार मात्र नव्हते.

प्लेग पुण्यात पोहोचला. मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. रँडच्या कारभारात सैनिक घरोघर शिरून झडत्या घेत होते, त्याचा संताप २२ जूनच्या गोळीबारात बाहेर पडला. महर्षी कर्वे यांनी प्लेगमुळेच आपला आश्रम शहरातून हिंगण्याच्या माळावर हलवला. आज कोथरूडला खेटून असलेल्या कर्वेनगरची ओळख तेथून सुरू होते. सरकारी उपायांवरचा लोकांचा विश्वास उडालेला असताना हाफकिन यांना लस आणायची होती.

लस कशी तयार झाली?

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, व्हरांडा आणि मोजके मदतनीस मिळाले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारून त्यांची लस करायची, ही पद्धत त्यांनी ठरवली. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना लोंबत वाढत. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू-मुसलमानांनी लस नाकारली असती, म्हणून बकऱ्याचे मांस वापरले. लोक लस स्वीकारतील का, याचा विचार येथे लस बनवतानाच झाला होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काम थांबले नाही.

परिणाम कसा सिद्ध केला?

त्याच महिन्यात भायखळा तुरुंगात प्लेग शिरला. तयार असलेल्या कैद्यांना लस दिली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. टोचलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू कमी दिसले.

१८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावातला प्रयोग याहून नेमका होता. प्रत्येक कुटुंबातील काहींना लस द्यायची, काहींना नाही. घर, अन्न, पाणी सारखेच, फरक फक्त लशीचा. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ दगावले.

लोकांचा विश्वास कसा मिळाला?

तरुण आगाखान (तिसरे) यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली वास्तूही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. येथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

मग गाडी कुठे अडली?

पंजाबातील मुल्कोवाल गावात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस दिली गेली. त्यापैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि त्या साऱ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता. चौकशीत दोष प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पगाराविना निलंबित करण्यात आले.

पुढे वेगळेच चित्र दिसू लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून बाटलीत असते तर उग्र वास आला असता, तसा तो आल्याची नोंद नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले, पण परळच्या संस्थेचे प्रमुखपद परत मिळाले नाही. कोलकात्यात काही वर्षे काम करून १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

यातून व्याख्या कशी स्पष्ट होते?

जंतूची ओळख, लस, स्वतःवरचा प्रयोग, तुलनात्मक चाचणी, उत्पादन, लोकांची संमती अशा सर्व पायऱ्या हाफकिन यांच्या आयुष्यात सलग दिसतात. मुल्कोवालच्या १९ कुटुंबांसाठी मात्र उंढेऱ्याच्या आकड्यांना काही अर्थ उरला नव्हता. बाटली उघडणाऱ्याचे प्रशिक्षण, साधनांची स्वच्छता, प्रत्येक बाटलीची नोंद आणि चूक झाल्यास निष्पक्ष तपास, हेही संशोधनाचेच भाग आहेत. आज लशीच्या कुपीवर बॅच क्रमांक असतो, लसीकरणाला एकदाच वापरायची सिरिंज असते आणि टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात, ते याच शेवटच्या टप्प्यासाठी.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते.