युस्टुस फॉन लीबिग : झाडांना काय कमी पडतं हे शोधणारा शास्त्रज्ञ



फिश टँकमध्ये आपण हौसेने पाणवनस्पती लावतो. काही दिवसांनी पानं पिवळी पडतात, काचेवर शेवाळ धरतं. मग कुणी म्हणतं खत घाला, कुणी म्हणतं अजून घाला. पण कोणतं खत? आणि का? हा प्रश्न ज्यांच्यामुळे जगाला नीट विचारता येऊ लागला, त्या शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग आणि रसायनांचे व्यापारी होते. छोटा युस्टुस त्यांच्या कामाच्या जागी सतत लुडबुड करायचा. शाळेत मात्र भाषा आणि पाठांतर काही जमेना. मोठेपणी रसायनशास्त्रज्ञ होणार असं त्याने वर्गात सांगितलं, तेव्हा सगळे हसले, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. शाळा सुटली. एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली, तीही लवकरच संपली. स्फोटक रसायनांच्या प्रयोगांमुळे तिथून घरी पाठवलं, असंही सांगतात.

याच काळात त्याने भूकही जवळून पाहिली. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिकं बुडाली, धान्य महागलं. तेव्हा युस्टुस १३ वर्षांचा होता.

पुढे बॉन, एर्लांगेन आणि मग पॅरिस असं शिक्षण झालं. पॅरिसला गे-ल्युसॅक या नामवंत शास्त्रज्ञासोबत काम करायला मिळालं. १८२४ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. शिक्षक म्हणून आपल्याला आवडेल अशी गोष्ट त्यांनी इथे केली. विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकायचं नाही, प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने करून बघायचं! देशोदेशीचे विद्यार्थी तिथे येऊ लागले. आज ते विद्यापीठ लीबिग यांच्याच नावाने ओळखलं जातं.

झाडं खातात काय?

त्या काळी बहुतेकांना वाटायचं, की झाडं मातीतला कुजलेला पालापाचोळाच अन्न म्हणून खातात. १८४० मध्ये लीबिग यांनी शेती आणि रसायनशास्त्रावरचं पुस्तक लिहून या समजुतीवर घाव घातला. झाड कार्बन हवेतून घेतं आणि मातीतून त्याला खनिज द्रव्यं लागतात, असं त्यांनी मांडलं. आपले शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश म्हणतात ना, त्या विचारामागे हेच काम आहे.

त्यांनी सर्वत्र पोचवलेला एक नियम फार मोलाचा आहे. जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, तेच झाडाची वाढ ठरवतं. बाकीची कितीही घाला, उपयोग नाही. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिथपर्यंतच राहतं, तसंच हे. हा नियम त्यांच्याआधी कार्ल श्प्रेंगल या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला होता, पण नाव झालं ते लीबिग यांचं. मुलांना सांगताना श्प्रेंगल यांचंही नाव जरूर घ्या.

फसलेलं खत

१८४५ च्या सुमारास लीबिग यांचं स्वतःचं खत इंग्लंडमध्ये विक्रीला आलं आणि साफ फसलं. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते पाण्यात सहज न विरघळणारं बनवलं होतं. मग मुळांना ते मिळणार कसं? शिवाय नत्र हवेतून पुरेसं मिळतं असं धरून ते त्यात घातलंच नव्हतं. म्हणजे ज्यांनी कमतरतेचा नियम गाजवला, त्यांच्याच खतात एक फळी आखूड होती! इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी शेतात प्रयोग करून नत्राची गरज दाखवून दिली. माती अन्नद्रव्यं धरून ठेवते हे कळल्यावर न विरघळणाऱ्या खताची चूक लीबिग यांनी मान्य केली. नत्राबद्दल मात्र ते बराच काळ अडून बसले.

१८५२ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आपल्या फिश टँकसाठी

हाच नियम टँकमध्ये लावून बघा. माशांचं खाद्य आणि विष्ठा यांतून नत्र आणि स्फुरद मिळत राहतं. त्यामुळे अनेकदा पालाश आणि लोह कमी पडतं. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घ्यावी. नवीन पानं फिकट आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची. जुन्या पानांना बारीक भोकं पडू लागली तर पालाशची. उजेडच कमी असेल तर खताने काहीच होणार नाही, उलट शेवाळ माजेल. आणि एक सांभाळा, युरियासारखं शेताचं खत टँकमध्ये मुळीच टाकू नका. त्यातून अमोनिया तयार होऊन मासे मरतात.

वर्गात हा उपक्रम घ्या. दोन बरण्यांत सारखीच पाणवनस्पती लावा. एकीत साधं पाणी, दुसरीत फिश टँकमधून काढलेलं पाणी. दोन्ही एकाच खिडकीत ठेवा. चार आठवडे मुलांनी दर सोमवारी पानं मोजायची, रंग लिहायचा आणि काय कमी पडत असेल याचा अंदाज वहीत नोंदवायचा. उत्तर आपण आधी सांगायचं नाही.

आणि एखादं मूल मागे पडत असेल, तर त्याच्या हातात आणखी एक स्वाध्यायपुस्तिका देण्याआधी थोडं थांबू या. त्याला नेमकं काय कमी पडतंय? झोप, चष्मा, की कुणीतरी जवळ बसून ऐकणं? वर्गाला हसू आलेला तो डार्मश्टाटचा मुलगाही आपल्यासारख्याच एका वर्गात बसला होता.