विश्लेषण : आधी मोजणी, मग धोरण! धनंजयराव गाडगीळांनी सरकारला आकडे पाहायला कसे लावले?

अहिल्यानगरलगतच्या नागापूर एमआयडीसीतून मनमाड रस्त्याने उत्तरेला निघाले की विळद घाटानंतर राहुरी लागते. पुढे कोल्हारला प्रवरा ओलांडली की लोणी जवळच. या पट्ट्यातला शेतकरी आज शेतात उभा राहून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर पिकाचा फोटो टाकतो. नुकसानभरपाई असो वा हमीभावाची खरेदी, ती नोंद पाहिली जाते. सरकारने आधी मोजावे आणि मग पैसा द्यावा, हे आता गृहीतच धरले जाते. पण स्वातंत्र्याच्या आधी याच भागात पुण्याच्या एका संस्थेने कागद-पेन्सिल घेऊन एक वेगळीच मोजणी केली होती. कालवा आल्याने गावाचे नेमके काय झाले, हा तिचा प्रश्न होता. ती करवून घेणारे होते अर्थतज्ज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ.

कोण होते गाडगीळ?

जन्म १० एप्रिल १९०१, बालपण नागपुरात, उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये. भारतातील उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा तिथला प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे अनेक दशके अभ्यासक्रमांत राहिला. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी, मग सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. २९ वर्षांचे गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्याच खुर्चीवर राहिले.

त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथांतला सिद्धान्त आणि सरकारी अहवालांतले आकडे. सरकारी आकडे जमीन महसुलासाठी जमवलेले. शेतकऱ्याच्या घरात काय येते, काय जाते, कर्ज कुणाचे, हे त्यांतून कळत नसे. गाडगीळांनी सहकाऱ्यांना बाहेर पाठवले. पुण्यातला फळबाजार, सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातला शेतीचा हिशेब, मग पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी. संगणकाचा प्रश्नच नव्हता. प्रश्नावल्या हाताने भरायच्या आणि तक्ते हाताने मांडायचे.

कालव्याची किंमत कशी ठरवायची?

भंडारदऱ्याच्या धरणावरचे प्रवरा कालवे आणि नांदूरमध्यमेश्वरहून निघणारे गोदावरी कालवे इंग्रज सरकारने बांधले ते दुष्काळी मुलुखाला आधार म्हणून. पाणीपट्टीतून गुंतवणुकीचे व्याजही नीट सुटत नाही, अशी खात्याची तक्रार असे. गाडगीळांच्या संस्थेने हिशेबाची चौकटच बदलली. कालव्याखालची गावे आणि कोरडी गावे शेजारी ठेवून पाहणी केली. पिकांच्या उत्पन्नाबरोबर मजुरी, व्यापार, कारखाने असे अप्रत्यक्ष लाभही मोजले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल सिंचन प्रकल्पाचा लाभ-खर्च तपासणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत गणला जातो. सरकारी तिजोरीला किती मिळाले एवढेच पाहिले तर प्रकल्प तोट्यात दिसतो, मुलुखाला किती मिळाले ते पाहिले तर चित्र पालटते. पुढे धरणांच्या बाजूने हा युक्तिवाद वारंवार वापरला गेला, कधी कधी मोजणी न करताच.

अर्थतज्ज्ञ साखर कारखान्याचा अध्यक्ष कसा झाला?

मोजणीत आणखी एक गोष्ट समोर होती. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, पण साखर खासगी कारखान्यांची. हरेगाव, टिळकनगरचे कारखाने याच भागातले. १९४५ मध्ये बेलापुरात भरलेल्या बागाईतदारांच्या परिषदेचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो उचलून धरला आणि गावोगाव फिरून भागभांडवल जमवले. प्रवरा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. पहिली सुमारे दहा वर्षे त्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आणि उपाध्यक्षपद विखे पाटलांकडे होते. पुण्याच्या प्राध्यापकाच्या नावामुळे मुंबईच्या सचिवालयात आणि कर्ज देणाऱ्या संस्थांत दारे उघडली, हे खरे. पण विखे पाटलांनी माणसे जोडली नसती तर ती उघडलेली दारे काही कामाची नव्हती.

या यशाची दुसरी बाजूही याच जिल्ह्यात दिसते. उत्तरेकडे ऊस आणि कारखाने वाढले. दक्षिणेकडचे पाथर्डी, जामखेड कोरडेच राहिले आणि पाथर्डीतून दर हंगामाला ऊसतोड मजूर कोयता घेऊन निघत राहिले. कालव्याच्या लाभाच्या हिशेबात हे अंतर फारसे मावत नव्हते.

सरकारने त्यांचे ऐकले का?

नेहमी नाही. १९४७ मध्ये अ. दि. गोरवाला यांच्याबरोबर गाडगीळ वस्तू किंमत मंडळावर होते. टंचाई असताना धान्यावरचे नियंत्रण काढू नका, असा मंडळाचा कौल होता. देशातले वातावरण मात्र नियंत्रणे हटवण्याचे होते, महात्मा गांधींचेही तेच मत होते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये सरकारला पुन्हा नियंत्रणांकडे वळावे लागले. किंमत मोजली ती रेशनवर जगणाऱ्यांनी.

त्यानंतरची मोजणी देशव्यापी होती. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष, तर गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते. स्वतंत्र भारताचे उत्पन्न किती, हे ठरवायला बसलेल्या या समितीला आकड्यांतली भगदाडेच जास्त दिसली. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे ही गरज होती.

रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे आणि सुमारे १ लाख २७ हजार कुटुंबे तपासली गेली. तिच्या मार्गदर्शक समितीत गोरवाला आणि गाडगीळ पुन्हा एकत्र आले. १९५४ च्या अहवालातला एक आकडा देशभर गाजला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. बहुतेक कर्ज सावकाराचे. अर्ध्या शतकाच्या सहकारी चळवळीला हा मोठा धक्का होता. स्वतः सहकाराचे पुरस्कर्ते असूनही गाडगीळांनी तो आकडा झाकला नाही. सहकार सोडून देण्याऐवजी सरकारने त्यात भागभांडवल घालावे, अशी शिफारस झाली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक होऊन ती ग्रामीण भागाकडे वळली, तीही याच अहवालानंतर, १ जुलै १९५५ रोजी.

गाडगीळ सूत्र म्हणजे काय?

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोपर्यंत केंद्राची योजना मदत राज्यांना बरीचशी योजनानिहाय मिळे. दिल्लीत वजन असलेल्या मुख्यमंत्र्याचे फावते, अशी इतरांची तक्रार होती. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आल्यावर ती तक्रार तीव्र झाली. चौथ्या योजनेसाठी १९६९ मध्ये सूत्र ठरले. आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँडची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्यापैकी ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के राष्ट्रीय सरासरीपेक्षा दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या सिंचन व वीज प्रकल्पांवर आणि १० टक्के राज्याच्या विशेष अडचणींवर. मदतीत ७० टक्के कर्ज, ३० टक्के अनुदान.

त्यातून मुख्यमंत्र्यांना प्रथमच आपला वाटा स्वतः मोजून पाहता येऊ लागला. पण लोकसंख्येला ६० आणि गरिबीला १० टक्के, हे प्रमाण बिहारसारख्या राज्यांना अपुरे वाटले. १९८० मध्ये मागास राज्यांचा हिस्सा १० वरून २० टक्के झाला, १९९१ मध्ये प्रणव मुखर्जींच्या काळात सूत्र पुन्हा बदलले.

गाडगीळांनी यातले काही पाहिले नाही. उपाध्यक्षपद सोडून पुण्याला परतत असतानाच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. नियोजन आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आला. त्याच्याकडे निधीवाटप नाही, त्यामुळे गाडगीळ सूत्रही वापरातून गेले. राज्यांचा वाटा आता मुख्यतः वित्त आयोग ठरवतो. लोकसंख्या नियंत्रणात ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे १९७१ ची जनगणना धरली जात होती. पंधराव्या आयोगाने २०११ ची घेतली आणि दक्षिणेकडच्या राज्यांनी तिला जो आक्षेप घेतला, तो अजून मिटलेला नाही.