मिरजेहून म्हैसूरला जाणारा सूर

वास्कोहून लोंढ्यामार्गे उत्तरेकडे निघालेली गाडी बेळगाव मागे टाकते, घटप्रभा ओलांडते आणि चिकोडी रोड नावाच्या एका लहानशा स्थानकावरून पुढे जाते. चिकोडी गाव तिथून बरेच दूर आहे, त्यामुळे बहुतेक गोमंतकीय प्रवाशांना ते केवळ पाटीवरच्या नावापुरते ठाऊक असते. पुढे रायबाग, कुडची, कृष्णेचा पूल आणि मग मिरज. मीटरगेजच्या काळात या मार्गावरून एक कृश अंगाचा गवई वारंवार प्रवास करीत असे. मिरजेहून धारवाड, धारवाडहून म्हैसूर आणि पुन्हा परत, अशी त्याची फेरी असे. आज हिंदुस्थानी गायनातील किराणा घराण्याचा जो विस्तार आपण पाहतो, तो फार मोठ्या प्रमाणात या एका रुळाच्या आधाराने झाला आहे. त्या गवयाचे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तरेतील कैराना या गावी झाला. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. सारंगीही त्यांच्या हातात होती. सारंगीवर वाढलेल्या कानाला सुरांमधील जागा दिसतात आणि त्यांच्या गायनाचे मर्म मला तरी तिथेच सापडते. भावासमवेत फिरत फिरत ते बडोद्याच्या दरबारी आले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई ही त्यांची शिष्या झाली. गुरू आणि शिष्या परस्परांच्या प्रेमात पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई, त्या काळी असे जोडपे बडोद्यात राहूच शकले नसते. मुंबईमार्गे ती दोघे मिरजेला येऊन स्थिरावली. या गावी खाँसाहेबांना प्लेगने गाठले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायल्यावर ते बरे झाले, अशी श्रद्धेची हकीकत सांगतात. हकीकत बाजूला ठेवली तरी त्या दर्ग्यावरची त्यांची निष्ठा अखेरपर्यंत टिकली, हे खरे.

मिरज हे संस्थान लहान. पण तिथे तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्यांची अख्खी वस्ती होती. एरवी शस्त्रे घडविणारे हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले होते. तंबोरा लावण्यात तासन्‌तास घालविणाऱ्या गवयाला याहून योग्य गाव कोणते मिळणार? 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बातम्यांत कारागिरांचे कौतुक झाले. त्या तंबोऱ्यांकडून अचूक जवारीची अपेक्षा ठेवणाऱ्या गायकांचीही आठवण तेव्हा व्हायला हवी होती.

म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांना मान होता. संगीतरत्न ही पदवी त्यांना तिथलीच. दक्षिणेत जाणारे उत्तरेतले गवई कर्नाटक संगीताकडे बहुधा कुतूहलाने पाहत आणि बिदागी घेऊन परतत. खाँसाहेब ते शिकायला बसले. हंसध्वनी आणि आभोगी यांसारखे राग त्यांनी आपलेसे केले, सरगमेचा वापर वाढविला आणि त्यागराजांची खरहरप्रियेतील एक कृती ध्वनिमुद्रितही केली. मद्रासेत ते वीणा धनम्माळ यांना ऐकायला जात. धारवाडला मुक्काम असला की अंबाबाईंचे कर्नाटकी गाणे ऐकण्यासाठी त्यांच्या घरी जात. घरात त्या वेळी एक लहान मुलगी वावरत असे. पुढे गंगूबाई हनगल म्हणून जगाने ओळखली ती हीच. धारवाड भागातच कुंदगोळचा रामभाऊ हा मुलगा त्यांना शिष्य म्हणून मिळाला. नाटकाचा नाद गुरूंना पसंत नसताना रामभाऊ रंगभूमीवर गेले आणि सवाई गंधर्व झाले. त्यांच्याकडून गंगूबाई, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर ही पुढची पिढी घडली.

गोव्याच्या वाचकाला या कथेत आपला एक धागा सापडेल. केरीची केसरबाई आठ वर्षांची असताना तिला कोल्हापूरला नेण्यात आले आणि तिथे तिची काही महिने तालीम झाली ती अब्दुल करीम खाँ यांच्याकडे. पुढे ती अल्लादिया खाँ यांची शिष्या झाली आणि जयपूर घराण्याची सम्राज्ञी म्हणून गाजली, तेव्हा हा पहिला अध्याय मागे पडला. चिकोडीकडून पाहिले तर गंमत अशी दिसते की, निपाणीवरून पश्चिमेला गेले तर शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँ नांदत असलेले कोल्हापूर, आणि उत्तरेला गेले तर अब्दुल करीम खाँ यांची मिरज. एका मोठ्या पठारावर दोन विरुद्ध स्वभावांची घराणी शेजारी शेजारी वाढली. एक लयीच्या आणि तानेच्या गुंफणीवर उभे, तर दुसरे एकेका सुराला वेळ देणारे.

1910 च्या दशकात पुण्यात खाँसाहेबांचे आर्य संगीत विद्यालय चालत होते. विद्यार्थी तिथेच राहत, जेवत आणि शिकत. घराण्याची विद्या घरातच ठेवण्याची रीत असताना मुसलमान उस्तादाने ब्राह्मण, मराठा आणि इतर मुलांना एका छपराखाली शिकवावे, हे साधे धाडस नव्हते. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतींवर संशोधन मांडले, तेव्हा बावीस श्रुती गळ्यातून काढून दाखविण्याचे काम खाँसाहेबांनी केले. ते संशोधन शास्त्रज्ञांना कितपत पटले, हा भाग वेगळा. पण जो माणूस शास्त्री मंडळींमध्ये निरक्षर गवई म्हणून मागे बसविला गेला असता, तो मोजमापाच्या टेबलाशी बसला. त्यांनी आपल्या कुत्र्यालाही सुरात ओरडायला शिकविले होते, असे सांगतात. या विनोदी आठवणीवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांना त्यांनी बापाचे नाव लावू दिले नाही. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, सकीना ही सरस्वती झाली. थोरली मुलगी हिराबाई आईच्या गावावरून बडोदेकर म्हणवू लागली. तिला पुढची तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांची. बापाच्या घराण्यातच, पण बापाकडून नव्हे. या ताटातुटीनंतर खाँसाहेबांच्या गाण्यात कारुण्य उतरले, असे सर्रास लिहिले जाते. 1905 सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत चपळ ताना आहेत आणि तिशीच्या दशकातील ओडियनच्या तबकड्यांत संथ, टोकदार, जवळजवळ विनवणी करणारा आवाज आहे, हे खरे. तरी हे स्पष्टीकरण मला फार सोयीचे वाटते. मधल्या तीस वर्षांत म्हैसूर झाले, वय वाढले, तंबोऱ्यासमोर बसून गांधार शोधण्याची सवय वाढली. दुःखाने माणूस मुकाही होऊ शकतो. बदल घडविला तो रियाजाने, दुःखाने त्याला फार तर दिशा दिली असेल.

पाश्चात्त्यांकडे एका गायनप्रकाराला थेट आत्म्याचेच नाव आहे. आपल्याकडे तशी वर्गवारी नाही. पण ती केली असती तर झिंझोटीतील त्यांची ठुमरी तिच्या अग्रभागी ठेवावी लागली असती. जेमतेम तीन मिनिटांची ती तबकडी. आवाज बारीक, काहीसा आवळलेला. शब्दांचे उच्चार फार स्पष्ट नाहीत, तालाकडेही लक्ष कमीच. टीकाकारांचे हे आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. मात्र षड्जावर आवाज स्थिरावतो तेव्हा हे आक्षेप आठवत नाहीत. गदगचा भीमसेन नावाचा मुलगा या तबकडीने झपाटला, हे सर्वश्रुत आहे. ‘मानापमान’मधील पदही त्यांनी गायले. मराठी त्यांच्या जिभेवर रुळलेले होते आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना त्यात परकेपणा वाटला नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासेतील कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला अरविंदाश्रमाकडे निघाले. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोईल या स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले, तंबोरा लावला गेला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना करता करता 27 तारखेला त्यांनी प्राण सोडला, असे त्यांचे शिष्य सांगत आले. देह मिरजेला आणण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले.

1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. चिकोडी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, मिरज मुंबई राज्यात राहिली. त्या सीमेचा वाद अद्याप न्यायालयात आहे. सवाई गंधर्वांचे कुंदगोळ एका बाजूला पडले आणि त्यांच्या नावाचा महोत्सव दुसऱ्या बाजूला, पुण्यात भरू लागला. हिराबाईंनी तिकीट लावून स्त्रियांच्या मैफली रूढ केल्या, सरस्वती राणे यांनी ‘रामराज्य’ चित्रपटात पार्श्वगायन केले, सुरेशबाबूंनी प्रभा अत्रे यांना घडविले. यांपैकी कोणाच्या नावात खाँ हे अक्षर नाही.

मिरजेला उरुसाच्या वेळी दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते. बेळगाव, धारवाड, हुबळीकडचे गवई त्याच रुळावरून तिथे येतात आणि हजेरी लावून परत जातात.