कार्ल जान्स्की : खरखरीतून उघडलेलं आकाश

कार्ल जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा इथे झाला. १९२८ मध्ये ते बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला लागले. समुद्रापलीकडे रेडिओने फोन लावला की खरखर यायची. तिचं कारण शोधणं हे त्यांचं काम. त्यांनी फोर्ड मोटारीची चाकं लावून गोल फिरणारा मोठा अँटेना बनवला.

बरीच खरखर विजांची निघाली. पण एक बारीक आवाज रोज चार मिनिटं लवकर यायचा. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात! म्हणजे तो सूर्याचा नव्हता. धनू राशीकडून, आकाशगंगेच्या मध्याकडून येत होता. १९३३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. पुढे प्रयोगशाळेने त्यांना दुसरं काम दिलं. १९५० मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले.

१९७४ मध्ये त्याच मध्यभागी एक छोटा रेडिओ स्रोत सापडला. तिथे सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी असं कृष्णविवर असतं. मधला फुगवटा जड, तर तेही जड.

आज आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या दुर्बिणीतही रेडिओ लहरींची तीव्रता ‘जान्स्की’ या एककातच मोजतात. निरीक्षण शिकवताना मुलांना ही चार मिनिटं जरूर सांगा.