तीन विद्यापीठांच्या तीन रीती आणि एक विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावापुढील पदव्यांची यादी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र या पदव्या ज्या दोन देशांतून मिळाल्या, तेथील शिक्षणाच्या रीती एकमेकींपासून किती निराळ्या होत्या आणि एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याने त्या कशा आत्मसात केल्या, याकडे फारसे लक्ष जात नाही. एम. ए. ते डी. एस्सी. हा प्रवास तब्बल दहा वर्षे चालला. त्यातील काही वर्षे तर केवळ पुन्हा परत जाता यावे, या धडपडीत गेली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे पदवीपर्यंतचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. त्या काळचे मुंबई विद्यापीठ हे प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत, विद्यापीठ पुस्तके नेमून देई आणि वर्षाअखेरच्या परीक्षेवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, अशी अट करारात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथील व्यवस्था मुंबईहून सर्वस्वी वेगळी होती. कोणते विषय घ्यायचे, कोणत्या प्राध्यापकांची व्याख्याने ऐकायची, याची निवड बऱ्याच अंशी विद्यार्थ्यावर सोपविलेली असे. अशा मोकळिकीत नवखा विद्यार्थी गोंधळण्याचीच शक्यता अधिक. आंबेडकरांनी मात्र तिचा पुरेपूर लाभ घेतला. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याखेरीज प्राथमिक फ्रेंच व जर्मनही ते शिकले. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन व तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे अध्यापक होते.

या पद्धतीतील दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे परिसंवाद वर्ग. तेथे विद्यार्थ्याने स्वतः निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, अशी रीत होती. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती व तिची यंत्रणा यांवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके लहानपणापासून सोसले, तिच्याकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची संधी त्यांना परदेशातील वर्गाने दिली. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जून १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर त्यांनी पीएच. डी.चा प्रबंधही सिद्ध केला. येथे मात्र कोलंबियाचा एक नियम आडवा आला. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज ही पदवी रीतसर प्रदान होत नसे. शिष्यवृत्तीवर गुजराण करणाऱ्या विद्यार्थ्याला छपाईचा खर्च झेपणारा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ अखेर १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सयाजीरावांना अर्पण करण्यात आला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली.

१९१६ च्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. तेथे पुन्हा नवी रीत होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीची तयारी, असे दुहेरी काम त्यांनी अंगावर घेतले. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांबरोबरच ठराविक सत्रांत इनच्या भोजनगृहात हजेरी लावणेही बंधनकारक असे. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज बुडाले आणि त्यासोबत पुस्तकेही गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. परदेशी विद्येने विभूषित झालेल्या या अधिकाऱ्याला तेथे राहायला घर मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात सहज मिळालेली जागा स्वदेशात नाकारली गेली. मुंबईत येऊन १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातील बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील स्नेही नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या जोरावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. सवलतीची मुदत संपण्यास तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते.

लंडनमध्ये अभ्यासक्रमांच्या संख्येपेक्षा स्वतंत्र संशोधनाला महत्त्व होते. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय हीच त्यांची खरी शाळा झाली. पोटाला चिमटा काढून त्यांनी दिवसचे दिवस तेथे घालविले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला. तोवर पैसे संपत आल्याने १९२३ मध्ये ते मायदेशी परतले. मूळ निष्कर्ष न सोडता त्यांनी येथूनच प्रबंध नव्याने लिहून धाडला आणि त्याच वर्षाअखेर पदवी मिळविली.

ही शिदोरी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९४२ मध्ये सरकारला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबादेतील, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय त्यांनी उभे केले. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. लंडनमध्ये ज्या घरात ते विद्यार्थी म्हणून राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तेथे आता त्यांचे स्मारक आहे.