शंतनुराव, आबांचं इंजिन आणि ८५ टक्के

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीनंतर मराठीत सलग एक पानसुद्धा लिहिलेलं नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्यांचा जन्म सोलापूरचा आणि मी त्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याची, म्हणून इंग्लिश सेक्शन सोडून मुद्दाम इकडे आले.

या माणसाशी आपली सगळ्यांची रोजची गाठ आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. आयसी इंजिन लॅबमधलं ते सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आठवा. बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, स्पीड १५०० आरपीएम. व्हायव्हाच्या आदल्या रात्री हे आकडे आपण मेसच्या रांगेत उभं राहून पाठ करतो. प्लेटवर वर काय लिहिलंय ते मात्र कोणी वाचत नाही. तिथे लिहिलंय किर्लोस्कर. हेच नाव करमाळ्याला आमच्या विहिरीवर गंजून पडलेल्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनावर आहे. ते इंजिन भंगारात घालायला आबा, म्हणजे माझे आजोबा, अजून तयार नाहीत. का तयार नाहीत ते मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

झालं असं. माझ्या चुलत भावाने, दादाने, टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि सहा महिन्यांत तिचं ट्यूनिंग करून आणलं. बूस्ट वाढवला, गाडी सुसाट पळायला लागली. टेंभुर्णीच्या रस्त्याला लॅपटॉप जोडून त्याने रीडिंग घेतलं आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवलं. ६२०० आरपीएमला इंजेक्टर १८.६ मिलिसेकंद उघडा होता. मी मोबाइलवर भागाकार केला. फोर स्ट्रोकला एका सायकलसाठी क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणजे ६२०० आरपीएमला एका सायकलला मिळतात फक्त १९.३५ मिलिसेकंद. त्यातले १८.६ इंजेक्टर उघडा, म्हणजे ड्यूटी सायकल ९६ टक्के. मी म्हटलं हे धोक्याचं आहे. दादाचं म्हणणं असं की शंभरपर्यंत अजून चार टक्के बाकी आहेत, कशाला घाबरायचं. ओसरीवर आबा ऐकत बसले होते. त्यांना मिलिसेकंद वगैरे काही कळलं नसावं, पण ते उठले आणि आम्हा दोघांना विहिरीवर घेऊन गेले.

१९७२ चा दुष्काळ. उजनीचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं, ते १९८० ला झालं. आमची विहीर तळाला गेली होती. पणजोबांनी खोलवरचं पाणी ओढायला मोठा पंप जोडला. इंजिन दबायला लागलं, स्पीड धरेना. डिझेल जास्तीत जास्त किती सोडायचं त्याला एक स्टॉप असतो, कारखान्यातून तो सील करून येतो. एका मेकॅनिकने ते सील तोडलं आणि स्टॉप पुढे सरकवला. इंजिनाने स्पीड धरला, पाणी आलं, सगळे खूश. धूर काळा येत होता तिकडे कोणी बघितलं नाही. अकराव्या दिवशी इंजिन जाम झालं. पिस्टन लायनरमध्ये अडकून बसला होता. दुरुस्तीला बैलजोडी विकावी लागली. आबा तेव्हा सोलापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते घरी आले ते परत परीक्षेला गेलेच नाहीत.

हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. कॉलेजला परत आल्यावर मी लायब्ररीत जाऊन ते इंजिन बनवणाऱ्या माणसाचं चरित्र शोधलं.

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २८ मे १९०३, सोलापूर. आई राधाबाई. वडील लक्ष्मणराव म्हणजे लोखंडी नांगरवाले किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी बेळगावला सायकलचं दुकान काढलं, मग शेतीची अवजारं बनवायला घेतली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे सुरुवातीचे नांगर पडून राहिले. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना माळरानावर जागा दिली आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. निवडुंग आणि साप एवढंच तिथलं पीक. शंतनुराव तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. म्हणजे आपण लहानपणी घर-घर खेळतो त्या वयात त्यांनी खराखुरा कारखाना उभा राहताना बघितला. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात कॅक्टस आणि रोझेस दोन्ही आहेत, ते उगाच नाही.

१९२२ मध्ये ते अमेरिकेला एमआयटीत गेले आणि १९२६ ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आले. आपल्या ब्रँचचे सीनियर म्हणायला हरकत नाही! आज एमआयटीची डिग्री घेऊन कोणी सांगलीच्या माळावर परत येईल का, याचं उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावं. ते आले आणि वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. शेतकऱ्याला नांगरानंतर लागतं पाणी. म्हणून किर्लोस्करवाडीत पंप बनत होते. पण पंप फिरवायला काहीतरी हवं, आणि तेव्हा खेड्यात वीज कुठली? १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. त्याच वर्षी बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली.

दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. माळावर अडतीस वर्षांत उभं केलेलं डोळ्यांदेखत जळालं. माझ्या मते या घराची खरी परीक्षा तिथे झाली.  राख बाजूला करून काम परत सुरू झालं. खडकीतलं इंजिनांचं कामही थांबलं नाही.

खडकीच्या इंजिनाचा फंडा साधा होता. कमी स्पीड, पाण्याने थंड होणारं, जड, आणि खेड्यातल्या माणसाला पान्याने खोलता येईल असं. १५०० आरपीएमला एका सायकलला ८० मिलिसेकंद मिळतात आणि डिझेल फवारायला त्यातले दोन-तीन पुरतात. इथे इंजेक्टरला वेळ कमी पडण्याचा प्रश्नच येत नाही. इथे मर्यादा येते ती हवेची आणि उष्णतेची. टर्बो नसलेल्या सिलिंडरमध्ये हवा ठरावीकच येणार. तिच्यापेक्षा जास्त डिझेल दिलं की ते अर्धवट जळतं, काळा धूर होतो, पिस्टन तापतो. म्हणून अशा इंजिनाचं रेटिंग ठरवताना ते सतत किती ओढेल हे आधी बघतात. त्याच्या वर फक्त १० टक्के ओव्हरलोड, तोही बारा तासांत एक तास. आमच्या विहिरीवर तो स्टॉप सरकवल्यापासून ओव्हरलोड दिवसरात्र चालू होता.

१९६२ मध्ये शंतनुरावांनी अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू केली. ही मोठी डिझेल इंजिनं, डंपरची, जनरेटरची, त्यातली बरीच टर्बोवाली. कमिन्सची त्या वेळची डिझेल सोडण्याची पद्धत पीटी नावाने ओळखली जायची. पी म्हणजे प्रेशर, टी म्हणजे टाइम. किती इंधन जाणार हे दाब आणि मिळालेला वेळ या दोनच गोष्टींवर ठरतं. मला हे वाचून गंमत वाटली, कारण दादाच्या गाडीचं गणितही हेच आहे. स्पीड वाढला की वेळ कमी होतो. टर्बोने हवा जास्त कोंबली की इंधन जास्त लागतं. या दोन्हीच्या कात्रीत इंजेक्टर सापडतो.

आता त्या ९६ टक्क्यांचं. इंजेक्टरची सुई विजेने उचलली जाते. तिला उघडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि बंद व्हायलाही थोडा वेळ लागतो. ९६ टक्क्यांना तिला नीट बंद व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे किती पेट्रोल गेलं याचा हिशोब बिघडतो. कॉइल तापते ती वेगळीच. त्यात पेट्रोलचा फिल्टर चोंदला, पंपाचा दाब उतरला, बॅटरीचं व्होल्टेज पडलं किंवा थंडीत हवा दाट झाली, तर भरून काढायला हातात काही उरत नाही. इंजेक्टर सतत उघडाच राहतो आणि हवा मात्र वाढत जाते. मिश्रण पातळ होतं, इंजिन नॉक करतं, पिस्टन वितळतो नाहीतर रिंगच्या खाचा तुटतात. डिझेलमध्ये इंधन जास्त झालं म्हणून पिस्टन जातो, पेट्रोल टर्बोमध्ये कमी पडलं म्हणून जातो. म्हणून जाणकार ८० ते ८५ टक्क्यांना थांबतात. ६२०० आरपीएमला ८५ टक्के म्हणजे साडेसोळा मिलिसेकंदांच्याही थोडं आतच.

शंतनुरावांच्या चरित्रातला अजून एक भाग इथे सांगायलाच हवा. त्यांचा मोठा काळ लायसन्स राजमध्ये गेला. कोणत्या कारखान्याने वर्षाला किती माल काढायचा ते दिल्लीत ठरायचं. मशीन आहे, माणसं आहेत, गिऱ्हाईक दारात उभं आहे, तरी परवान्यावरच्या आकड्याच्या वर जायचं नाही. शंतनुरावांना हे अजिबात मान्य नव्हतं आणि ते उघड बोलायचे. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, त्याच सुमारास ते फिक्कीचे अध्यक्ष होते, पण सरकारला टोचणारं बोलणं त्यांनी सोडलं नाही. परवान्याची पद्धत १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांसाठी गेली. ते बघायला ते होते. २४ एप्रिल १९९४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आधी मला यात विसंगती वाटली. एकीकडे हा माणूस मर्यादांवर चिडतो आणि दुसरीकडे त्यांच्या कारखान्यातून इंजिन बाहेर पडतं ते सील लावून. मग लक्षात आलं की या दोन मर्यादा वेगळ्या आहेत. एक कागदाची, ती माणसाने घातलेली असते, तिच्याशी भांडता येतं, भांडावंच. दुसरी लोखंडाची. तिच्याशी भांडलं की ती वाद घालत नाही, अकराव्या दिवशी जाम होते. दादाची चूक एवढीच झाली की स्क्रीनवरचा १०० त्याला खरा वाटला आणि ८५ कोणीतरी भित्र्या माणसाने घातलेला नियम वाटला. खरं तर उलटं होतं.

विहिरीवरून परत येताना दादा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याने नवीन रीडिंग पाठवलं. बूस्ट कमी केला होता, ड्यूटी सायकल ८३ टक्के. खाली मेसेज काहीच नव्हता. पुढे मोठे इंजेक्टर टाकायचे झाले तर कॅलिब्रेशन नव्याने करावं लागेल, नाहीतर आयडलिंगला त्रास होईल, एवढं मी त्याला कळवलं.

मित्रांनो, प्लेसमेंटसाठी आपण पॅकेज बघतो, कंपनी बघतो. एकदा लॅबमध्ये त्या प्लेटवरचं नावही बघा. सोलापुरात जन्मलेल्या, माळरानावर वाढलेल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरचं ते नाव आहे. आणि पुढच्या प्रॅक्टिकलला लोड वाढवताना धुराचा रंग काळा झाला, तर सर सांगायच्या आधी हात मागे घ्या. आमच्या आबांची तेवढीच इच्छा आहे.